वर्तणुकीचा रकाना आणि तो भरणारा हात

शाळकरी मुलांच्या वर्तनाविषयीच्या एका शिक्षणपद्धतीची चर्चा साहित्य आणि समाजचिंतनाला वाहिलेल्या त्रैमासिकात कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. तो रास्त आहे, म्हणून त्याचे उत्तर आधी देतो. मुलाचे वर्तन डोळ्यांना दिसते, पण शाळेच्या दप्तरात ते शब्दांच्या रूपानेच जाते. ‘उद्धट’, ‘हट्टी’, ‘वर्गात लक्ष देत नाही’, ‘इतरांना त्रास देतो’ हे शब्द कोणीतरी लिहितो, कोणाविषयी तरी लिहितो, आणि ज्याच्याविषयी लिहिले त्याला उत्तर लिहिण्यासाठी त्या कागदावर जागा नसते. म्हणजे शेरा हे लेखन आहे. लेखन म्हटले की लेखकाची दृष्टी आली, त्याचे संस्कार आले, त्याची जात आणि त्याचा वर्गही आला. दलित साहित्याने मराठी लेखनाला जे प्रश्न विचारले त्यांतील पहिला हाच होता : आमच्याविषयी लिहिणारे तुम्ही कोण, आणि तुम्ही पाहिले ते कोठे उभे राहून? तोच प्रश्न शाळेच्या दप्तरालाही विचारला पाहिजे, अशी माझी भूमिका आहे.

ज्या पद्धतीविषयी लिहायचे आहे तिला इंग्रजीत ‘पॉझिटिव्ह बिहेवियर सपोर्ट’ म्हणतात. आपण तिला ‘सकारात्मक वर्तन-साहाय्य’ म्हणू. मूल पुरते बिघडले असे ठरवून शिक्षा करण्यापेक्षा वेळीच हस्तक्षेप करावा, हे तिचे मुख्य सूत्र. ती अमेरिकेत जन्मली. तीव्र बौद्धिक अपंगत्व असलेल्या माणसांना ताळ्यावर ठेवण्यासाठी तेथील संस्थांतून वेदना देणारे उपाय वापरले जात. १९८० नंतर त्यांविरुद्ध जे मंथन झाले त्यातून हा विचार पुढे आला. १९९७ साली अपंग विद्यार्थ्यांच्या शिक्षणाविषयीच्या तेथील कायद्यात दुरुस्ती झाली तेव्हा तो कायद्याच्या भाषेत दाखल झाला. ऑरेगन विद्यापीठात काम करणारे रॉबर्ट हॉर्नर आणि जॉर्ज सुगाई यांच्यासारख्या अभ्यासकांनी तिला एका मुलापुरती न ठेवता सबंध शाळेची पद्धत केली. आज तेथील हजारो शाळा ती वापरतात.

तिची रचना समजावून घेऊ. सार्वजनिक आरोग्यशास्त्रातून उचललेली ही तीन मजल्यांची रचना आहे. पहिला मजला सर्व मुलांसाठी. शाळेने आपल्या अपेक्षा तीन-चार सोप्या वाक्यांत ठरवायच्या, गणितासारख्या त्या शिकवायच्या, आणि मूल तसे वागले की त्याची दखल घ्यायची. साधारण शंभरातील ऐंशी मुलांना एवढे पुरते असे मानतात. दुसरा मजला पंधराएक मुलांसाठी. अशा मुलाने रोज सकाळी शाळेतील एका ठरलेल्या मोठ्या माणसाला भेटायचे, त्याच्याकडून एक कार्ड घ्यायचे, प्रत्येक तासाला शिक्षकाने त्यावर खूण करायची, संध्याकाळी दोघांनी मिळून ते पाहायचे आणि कार्ड घरी जाऊन सही होऊन परत यायचे. तिसरा मजला उरलेल्या पाचांसाठी. येथे त्या मुलाच्या वागण्याची चौकशी होते : ते वागण्यापूर्वी काय घडले, तो नेमके काय वागला, आणि त्यानंतर त्याला काय मिळाले किंवा काय टळले. वागण्यामागे काही हेतू असतो, तो शोधा आणि भोवतालची परिस्थिती बदला, असा या चौकशीचा गाभा आहे.

सहावी ते आठवीच्या मुलांच्या बाबतीत याला विशेष महत्त्व आहे. अकरा ते चौदा हे वय. एका गुरुजींच्या हाताखालचे मूल एकदम सात शिक्षकांच्या हाताखाली जाते. शरीर बदलते, आवाज बदलतो. आपल्याकडे याच वयात गावची शाळा संपते आणि पुढची शाळा दुसऱ्या गावात असते. मुलीच्या शिक्षणाचा निर्णय याच वयात होतो, आणि ऊसतोडीला जाणाऱ्या घरातील मुलाच्या हाती कोयता याच वयात येतो. येथे निसटलेले मूल आमच्या महाविद्यालयापर्यंत पोचत नाही. आमच्या घराण्यात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. माझ्या वस्तीतील माझ्याबरोबरीची जी मुले गळाली ती परीक्षेत नापास होऊन गळाली नाहीत. ती या तीन वर्षांत ‘वाया गेली’.

म्हणून या पद्धतीचे जे श्रेय आहे ते मोकळ्या मनाने दिले पाहिजे. अंगठे धरायला लावणे, कोंबडा करणे, छडी, ‘तुमच्या लोकांना शिकून काय करायचे’ हा टोमणा, यांच्यापुढे ही पद्धत कितीतरी माणुसकीची आहे. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना बंदी घातली. पण छडी काढून घेतल्यावर शिक्षकाच्या हातात काय द्यायचे याचे उत्तर कायद्याने दिले नाही. ही पद्धत ते देऊ पाहते. अमेरिकेत मेरीलँड राज्यातील ३७ प्राथमिक शाळांत तिची रीतसर पारख झाली, तेव्हा मुख्याध्यापकांकडे जाणाऱ्या तक्रारी आणि शाळेतून काही दिवस काढून टाकण्याचे प्रकार कमी झाल्याचे दिसले.

येथवर सर्व ठीक. प्रश्न पुढे आहे. ही सारी इमारत एका विटेवर उभी आहे, आणि ती वीट म्हणजे शिक्षकाने केलेली नोंद. कोणते मूल पंधरांत आणि कोणते पाचांत, हे नोंदीवरून ठरते. ती नोंदच जर कलती असेल तर?

हा प्रश्न मी कल्पनेने उभा करीत नाही. रसेल स्किबा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. अमेरिकेतील एका मोठ्या शहराच्या १९ मिडल स्कूलमधील, म्हणजे नेमक्या याच वयाच्या ११,००१ विद्यार्थ्यांच्या १९९४-९५ या वर्षातील शिस्तभंगाच्या नोंदी त्यांनी तपासल्या. कृष्णवर्णीय मुलांना कार्यालयात पाठवण्याचे प्रमाण गोऱ्या मुलांपेक्षा जास्त होते, आणि गरिबीचा हिशेब वजा केला तरी फरक उरत होता. पण माझ्यासारख्या भाषेच्या शिक्षकाला त्यातील खरा शोध वाटतो तो शब्दांचा. गोरी मुले ज्या कारणांसाठी अधिक पाठवली गेली ती अशी : सिगारेट ओढणे, न विचारता निघून जाणे, शाळेच्या वस्तूंची मोडतोड, अश्लील बोलणे. कृष्णवर्णीय मुलांची कारणे अशी : अनादर, फार आवाज करणे, धमकावणे, रेंगाळणे.

या दोन याद्या शेजारी ठेवून वाचा. सिगारेट हातात असते किंवा नसते. काच फुटते किंवा फुटत नाही. पण ‘अनादर’ कोठे असतो? तो पाहणाऱ्याच्या मनात आधी तयार व्हावा लागतो. किती आवाज म्हणजे ‘फार’, किती वेळ उभे राहणे म्हणजे ‘रेंगाळणे’, हे मोजण्याची पट्टी लिहिणाऱ्याच्या खिशात असते. एका यादीत कृती नोंदली आहे, दुसरीत पाहणाऱ्याची प्रतिक्रिया. आणि दोन्ही एकाच रकान्यात, एकाच शाईने ‘वर्तन’ म्हणून उतरल्या आहेत.

पुढे २०११ साली याच अभ्यासकाने सहकाऱ्यांसह, सकारात्मक वर्तन-साहाय्याचा मार्ग स्वीकारलेल्या शाळांकडून जमलेल्या नोंदी तपासल्या. ३६४ प्राथमिक आणि मिडल स्कूल. कृष्णवर्णीय मुलाला कार्यालयात पाठवले जाण्याची शक्यता गोऱ्या मुलाच्या तुलनेत प्राथमिक शाळांत २.१९ पट आणि मिडल स्कूलमध्ये ३.७८ पट निघाली. पद्धत आली, तक्ते आले, बक्षिसे आली, तरी नोंद लिहिणारा हात बदलला नाही. ऐंशी, पंधरा आणि पाच ही विभागणी गणिताची वाटते. पण पाचांतील पाचही मुले जर एकाच वस्तीतून येत असतील, तर तो तक्ता गावाचाच नकाशा ठरतो.

आता कोणी विचारील, अमेरिकेतील कृष्णवर्णीय मुलांचे हे गणित आपण कशाला मांडायचे? या नियतकालिकाच्या वाचकाला याचे उत्तर लांबलचक द्यायला नको. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतील गुलामांची मुक्तता करणाऱ्या लोकांना. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली तिने नाव घेतले ते तेथील ब्लॅक पँथरवरून. नाते जुने आहे. पण नाते आहे म्हणून तेथील औषध येथे जसेच्या तसे चालेल असे नाही. आपल्या रोगाची तपासणी आपणच केली पाहिजे.

आपल्या शाळा सोडल्याच्या दाखल्यापासून सुरुवात करू. त्या एकाच पानावर ‘जात व पोटजात’ हा रकाना असतो, आणि खाली ‘वर्तणूक’ हाही रकाना असतो. बहुतेकांच्या वर्तणुकीपुढे ‘चांगली’ किंवा ‘समाधानकारक’ असे लिहिलेले असते, आणि ते कोणी गंभीरपणे वाचत नाही. खरा शेरा दाखल्यावर नसतो. तो शिक्षकांच्या खोलीत असतो, नवीन वर्गशिक्षकाला तोंडी दिला जातो : ‘त्या वस्तीतला ना, जपून.’ २०१० साली महाराष्ट्रात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले आणि पहिली ते आठवीच्या मुलांविषयी ‘वर्णनात्मक नोंदी’ लिहिण्याचे काम शिक्षकांवर आले. कल्पना उत्तम होती. प्रत्यक्षात तयार वाक्यांच्या याद्या निघाल्या आणि शिक्षक त्या उतरवू लागले. तपासणी पार पडली, दप्तर पूर्ण झाले. मूल त्यात कोठेच नव्हते.

आणि ‘वेळीच हस्तक्षेप’ या शब्दाचा आपल्याकडे एक काळाकुट्ट इतिहास आहे, तो विसरून चालणार नाही. १८७१ चा गुन्हेगार जमातींविषयीचा कायदा माणसाने काय केले हे न पाहता तो कोणाच्या पोटी जन्मला हे पाहत होता. १८९७ च्या दुरुस्तीने तर चार ते अठरा वर्षांच्या मुलांना आईबापांपासून तोडून वेगळ्या सुधार-वसाहतीत ठेवण्याचा अधिकार सरकारला दिला. चार वर्षांचे मूल कोणता गुन्हा करते? पण सरकारच्या लेखी तो वेळीच केलेला हस्तक्षेपच होता, आणि त्याचेही नाव ‘सुधारणा’च होते. १९५२ साली हा कायदा रद्द झाला. सोलापूरच्या सेटलमेंटच्या आठवणी ज्या घरांत आजही सांगितल्या जातात त्या घरांतील मुले आज शाळेत आहेत. त्यांच्या नावापुढे ‘लवकर लक्ष देण्याची गरज’ असे कोणी लिहिले, तर तो शब्द त्यांच्या आजोबाने कोणत्या अर्थाने ऐकला होता हे लिहिणाऱ्याला ठाऊक असले पाहिजे.

या पद्धतीतील जे हत्यार मला सर्वांत मोलाचे वाटते ते तिसऱ्या मजल्यावरचे : आधी काय घडले ते पाहा. माझ्या सातवीच्या वर्गातील एक प्रसंग या चौकटीत ठेवतो. शिष्यवृत्तीच्या याद्या करायच्या होत्या. वर्गशिक्षक हजेरीपट उघडून ‘एससी उभे राहा’ म्हणत आणि डोकी मोजत. त्या वर्षी आमच्यातला एक मुलगा, गणितात वर्गात पुढे असलेला, उभाच राहिला नाही. दुसऱ्यांदा सांगितले तरी नाही. त्याला छडी बसली, बापाला बोलावणे गेले, ‘हट्टी, शिक्षकांचे ऐकत नाही’ असे ठरले. पुढच्या वर्गात तो पोचण्याआधी त्याचा शेरा पोचत असे. दहावीआधीच त्याने शाळा सोडली. आता चौकशी करा. वर्तन : उभे राहिला नाही. त्याआधी काय घडले : साठ मुलांसमोर जातीची हाक. हेतू काय : आपली लाज वाचवणे. मग हस्तक्षेप कोणावर व्हायला हवा होता? यादी वर्गाबाहेर करता आली असती. एवढाच हस्तक्षेप पुरेसा होता.

त्या हाकेची किंमत मोजली गेली आहे. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातील खेड्यांत सहावी-सातवीच्या मुलांवर प्रयोग केला, त्याचे निष्कर्ष २००४ पासून प्रसिद्ध झाले. ३२१ वरच्या आणि ३२१ खालच्या मानलेल्या जातींतील मुलगे. त्यांना कागदावरच्या भुलभुलय्यातून वाट काढायची होती. जात उच्चारली नव्हती तेव्हा दोन्हींच्या कामात सांगण्यासारखा फरक नव्हता. सर्वांसमोर नाव, गाव, जात वाचून दाखवली, तेव्हा खालच्या मानलेल्या जातींतील मुलांची कामगिरी सुमारे एक पंचमांशाने घसरली. मुलांची बुद्धी तीच, कागद तोच. मध्ये फक्त एक हाक आली. ज्याला आपण मुलाचे ‘मागे पडणे’, ‘लक्ष नसणे’ म्हणतो त्यात शाळेच्या स्वतःच्या वर्तनाचा वाटा किती, हे या प्रयोगाने दाखवून दिले.

येथे आपल्याच चळवळीतील काही मित्र म्हणतील : म्हणजे ही सगळी मानसशास्त्रे प्रस्थापितांची हत्यारे आहेत, सामाजिक प्रश्न मुलाच्या डोक्यात कोंबण्याची युक्ती आहे, सोडून द्या. मला हे मान्य नाही. व्यवस्था बदलेपर्यंत सातवीतले मूल सातवीत थांबत नाही. छडी चालू ठेवल्याने क्रांती जवळ येत नाही. दुसऱ्या टोकाला काही शिक्षक म्हणतात : आमच्या वर्गात जात नाहीच, आम्हाला सर्व मुले सारखी. हे तर अधिक धोक्याचे आहे. जी गोष्ट नाहीच म्हटली ती मोजली जात नाही, आणि न मोजलेला अन्याय दप्तरात शून्य म्हणून नोंदला जातो.

हस्तक्षेप शिक्षकावर करता येतो, आणि तो फळतो, याचा पुरावा आहे. जेसन ओकोनोफुआ, डेव्हिड पाउनेस्कू आणि ग्रेगरी वॉल्टन यांनी २०१६ साली कॅलिफोर्नियातील पाच मिडल स्कूलमधील गणिताच्या शिक्षकांबरोबर केलेले काम प्रसिद्ध केले. मुलांना त्यांनी हातही लावला नाही. शिक्षकांना थोडे वाचायला दिले, थोडे लिहायला लावले : मूल असे का वागते, त्याच्या बाजूने ते कसे दिसते, शिस्त लावताना त्याचा मान कसा राखता येतो. या शिक्षकांच्या विद्यार्थ्यांत वर्षभरात निलंबित झालेल्यांचे प्रमाण ४.८ टक्के राहिले, इतरांत ते ९.६ टक्के होते. म्हणजे निम्मे.

ही गोष्ट जोतीरावांना १८८२ सालीच ठाऊक होती. हंटर आयोगापुढील निवेदनात त्यांनी शेतकरी वर्गातून शिक्षक घ्यावेत असे सुचवले, कारण ते मुलांत मिसळतील आणि त्यांच्या गरजा जाणतील. पण येथे आपण थोडे कठोरपणे स्वतःकडेही पाहिले पाहिजे. रेमा हॅना आणि ली लिंडन यांचा भारतात केलेला, २०१२ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. उत्तरपत्रिकांवर जाती चिठ्ठ्या टाकल्यासारख्या लिहून त्या शिक्षकांकडून तपासून घेतल्या, तेव्हा खालची जात लिहिलेल्या पत्रिकांना किंचित कमी गुण पडले. आणि तो फरक खालच्या मानल्या जाणाऱ्या जातींतील परीक्षकांकडूनच अधिक पडलेला दिसला. तेव्हा आपल्यातला माणूस शिक्षक झाला की काम संपले, असे नाही. व्यवस्थेची पट्टी आपल्याही खिशात येऊन बसते.

आता शेवटचा आणि माझ्या दृष्टीने सर्वांत मूलभूत मुद्दा. ही पद्धत चांगले वागल्याबद्दल बक्षीस देते. चांगले म्हणजे काय? मुकाट्याने रांगेत उभे राहणे चांगले, हे कोणी ठरवले? फुल्यांच्या शाळेत शिकलेल्या, चौदाएक वर्षांच्या मुक्ता साळवेचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदया’त आला. वेद जर ब्राह्मणांचेच, तर मग आमचा धर्म कोणता, असा सवाल त्या वयाच्या मातंग मुलीने केला. आजच्या एखाद्या वर्गात तिच्यापुढे कोणता शेरा पडला असता? ‘अनादर’. तिच्याविषयी एक हकीकत सांगितली जाते. समारंभात मेजर कँडी यांनी तिला खाऊ दिला, तेव्हा तिने खाऊ नको, ग्रंथालय द्या असे म्हटले. हकीकत खरीच अशी घडली असेल वा लोकांनी ती घडवली असेल. तिच्यात बक्षिसाच्या सबंध तत्त्वज्ञानाची समीक्षा आहे. खाऊ दिल्याने मूल तुमच्या मनासारखे वागू लागते. ग्रंथालय दिल्याने ते स्वतःच्या मनाने विचार करू लागते. दलित साहित्याने नकाराला मूल्य मानले. जी वर्तनपद्धती बिघाड आणि नकार यांतला फरक ओळखत नाही, ती मुलाला ‘सकारात्मक’ करता करता त्याचा कणा काढून घेईल.

म्हणून ही पद्धत नाकारू नये. ती आपल्या अटींवर घ्यावी, आणि त्या अटी साध्या आहेत. नोंद विशेषणात करू नये, घटनेत करावी : ‘उद्धट’ असे न लिहिता काय बोलला, काय केला ते लिहावे. प्रत्येक नोंदीत ‘याआधी काय घडले’ हा रकाना सक्तीचा असावा, आणि त्यात शिक्षक काय बोलले तेही यावे. मुलाचे म्हणणे त्याच्याच शब्दांत त्याच पानावर असावे. वर्षाअखेरी कोणत्या मुलांच्या नावे किती शेरे पडले याची बेरीज जातवार, वस्तीवार करून ती शाळा व्यवस्थापन समितीपुढे ठेवावी, कोणत्याही मुलाचे नाव न घेता. कायद्याने त्या समितीत तीन-चतुर्थांश जागा पालकांना दिल्या आहेत. वस्तीतील आईबापांनी त्या केवळ सहीपुरत्या भरू नयेत.

कार्यकर्त्यांनी शाळेत जाऊन मोर्चाइतक्याच गंभीरपणे हे दप्तर मागावे. शिक्षक होऊ घातलेल्या विद्यार्थ्यांनी आपल्या सराव पाठांत एखादी अशी नोंद लिहून ती आपल्याच मित्राला वाचायला द्यावी आणि विचारावे, यातला मुलगा तुला दिसतो की मी दिसतो? आणि आम्ही जे वर्गावर आहोत त्यांनी पुढचा शेरा लिहिण्याआधी एवढे पाहावे, की त्या मुलाने उद्या तो वाचला तर त्याला त्यात आपले वागणे सापडेल की आपली जात.